कुंडात गॅस होता, दारू नव्हती

सुखदेव रामटेके यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, म्हणजे पुढे कोणाला "नक्की आठवत नाही" म्हणायची सोय राहणार नाही. गेल्या वर्षी सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, जबलपूरच्या रांझीकडच्या एका विसर्जन कुंडात गाळ काढताना ते बेशुद्ध पडले. तो अपघात. अन्याय साडेनऊला झाला. कुंडाच्या कठड्यावर कागद ठेवून महापालिकेच्या सुपरवायझरने लिहिलं, की मजूर नशेत होता आणि तोल जाऊन पडला. त्या कागदाला त्याने मागून दुसरा कागद टाचला. कुंडातलं पाणी "समाधानकारक" असल्याचा. त्या दुसऱ्या कागदावर सही माझी होती.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, "वैशाली, पाणी तपासणीतल्या गमतीजमती लिही. दिवाळी आहे, हलकंफुलकं असू दे." गमती आहेत, त्या देते. पण कॉलेजात असल्यापासून मी पर्चे, म्हणजे रस्त्यावर वाटायची पत्रकं, लिहीत आले आहे, आणि पर्च्याला पान एकच असतं. वळसे घालायची सवय लागलीच नाही.

मी एका खाजगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने गोळा करते. करत होते, असं म्हणा. सध्या मला बाटल्या धुवायला बसवलं आहे, त्याचं कारण पुढे येईल. पाच वर्षं मी नळ, विहिरी, बोअर, नाले, टाक्या आणि घाट फिरले. काम ऐकायला सोपं आहे. बाटली बुडवायची, बूच लावायचं, चिठ्ठी चिकटवायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. त्यात माणसं भेटतात, ती मात्र सोपी नसतात. कांचघरच्या एक काकू दोन बाटल्या घेऊन आल्या. एक त्यांच्या नळाची, एक शेजारणीच्या. दोन्हीचा रिपोर्ट सारखाच आला, तर काकू नाराज. "नीट बघ ना गं, तिचं थोडं तरी जास्त खराब असेल." ग्वारीघाटावर एक नावाडी भैया होता. मी पोहोचायच्या आधीच त्याने बाटल्या भरून ठेवलेल्या असायच्या. "दीदी, आप धूप में काहे परेशान होंगी? कल ही भर के रख दिये." त्याला मी कितीदा समजावलं, की भैया, कालचं पाणी आजचं नसतं. बाटलीत जीव असतात, ते खातात, श्वास घेतात, मरतात. रात्रभरात पाणी बदलून जातं. तो हसायचा. मीही हसायचे, हुशारीच्या ऐटीत.

आता ऐटीचं काय झालं ते ऐका.

नर्मदेत मूर्ती जाऊ नयेत म्हणून शहरात विसर्जन कुंडं केली आहेत. कल्पना चांगली, माझं तिच्याशी भांडण नाही. मी ज्या कुंडाबद्दल लिहिते आहे ते सिमेंटच्या भिंतींचं आहे, दोन पुरुष खोल, एका बाजूने पायऱ्या. गणपती झाले की त्यात मूर्ती, हार, दुर्वा, नारळ, कापड, सगळं पडून राहतं. पंप लावून वरचं पाणी काढतात. तळाला घोट्याएवढं पाणी आणि गुडघाभर गाळ उरतो. मग पितृपक्षात तिकडे कोणी फिरकत नाही. दोन आठवडे ऊन, ओल आणि कुजणारी फुलं. घटस्थापनेच्या आत कुंड रिकामं पाहिजे, कारण पुढे देवी येणार असतात. जबलपूरच्या देवी म्हणजे काय, ते तुम्हांला मी सांगायला नको.

त्या दोन आठवड्यांत गाळावर एक साय धरते. दुधावर धरते तशीच, फक्त जाड. लोक तिला काई, म्हणजे शेवाळ, म्हणतात आणि नाक मुरडतात. मी ती खुरपीने कापून पाहिली आहे. बर्फीच्या वडीसारखी कापली जाते आणि आत रंगांचे थर दिसतात. वर हिरवा, खाली दह्याच्या पातळ पापुद्र्यासारखा पांढरा, त्याखाली कुठे कुठे गुलाबी, आणि मग काळा गाळ. प्रत्येक रंग म्हणजे वेगळ्या जातीचे जिवाणू. बोटाच्या पेराएवढ्या जाडीत त्यांची सगळी मोहल्लेदारी चालते.

गंधक आणि ऑक्सिजन, या दोघांचं हे भांडण आहे. प्लास्टरच्या मूर्तीत गंधक असतं. मूर्ती विरघळते, ते पाण्यात उतरतं. तळाच्या काळ्या गाळात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू कुजणारी फुलं खातात आणि ऑक्सिजनच्या जागी या गंधकावर भागवतात. त्यातून जो गॅस निघतो त्याला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. सडक्या अंड्यांचा वास, तोच. वरचे हिरवे जिवाणू उन्हात ऑक्सिजन तयार करतात. आणि मधले पांढरे? ते दोघांच्या सीमेवर राहतात. खालून येणारा गॅस वरच्या ऑक्सिजनशी जुळवून खाऊन टाकतात. दिवसभर ते झाकण घट्ट असतं. सूर्य मावळला की हिरव्यांचं काम बंद, ऑक्सिजन संपतो, गॅस वर सरकतो आणि पांढरेही त्याच्या मागोमाग वर येतात. म्हणून तीच साय पहाटे पांढरी दिसते आणि दुपारी हिरवी.

हे शेवटचं वाक्य मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. ते मला सुखदेव काकांनी सांगितलं. पडण्याच्या आदल्या दिवशी.

सुखदेव काका बावन्न वर्षांचे. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून कारखान्यात कामाला आले आणि रांझीलाच राहिले. काकांना कारखाना मिळाला नाही, ठेक्यावर नाल्या, टाक्या, कुंडं साफ करण्यात तीस वर्षं गेली. आदल्या दिवशी दुपारी मी नमुना घ्यायला गेले तेव्हा ते पायरीवर बसून डबा खात होते. मी खुरपीने साय बाजूला सारली, स्वच्छ पाण्यात बाटली बुडवली. आमची पद्धतच तशी आहे, बाटलीत कचरा नको. मीटर पाण्यात धरला तर ऑक्सिजन भरपूर. सायीवर बुडबुडे होते, शुद्ध ऑक्सिजनचे.

काका म्हणाले, "बाई, तू एकदा सकाळी येऊन पाह्य."

"काहून काका?"

"सकाळी हे पांढरं असते. आत्ता हिरवं दिसून राहिलं ना, ते उन्हाचं हाय. सकाळी याचा वासबी अलग असते."

"काका, आमची गाडीच साडेदहाला निघते."

"अच्छा," म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडला. "चलो, मग आपल्या कुंडानंच उशिरा उठावं."

मी हसले. मनापासून हसले, आणि गाडीत बसून चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. त्या दिवशी सात जागा झाल्या होत्या. सातही बाटल्यांवर मी एकच वेळ टाकली: साडेअकरा. आमच्याकडे सगळे तसंच करतात. कागद नेटका दिसतो. ज्या बाईने नावाड्याला शिकवलं, की कालचं पाणी आजचं नसतं, तिला स्वतःच्या पेनने वेळ लिहायचा कंटाळा आला होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख दुबेजी. माणूस वाईट नाही, फक्त कागदाला भितो. रिपोर्ट पाहून खूश झाले. "अरे वाह, इसमें तो मछली पाल लो." त्यांनी "समाधानकारक" टाइप करून घेतलं, मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आत उतरले.

त्या सकाळी मी नव्हते. पुढचं मला काकांनी सांगितलं, अनेकदा आणि दर वेळी तेच. सुपरवायझर तिवारी याने त्यांना सहाच्या आत बोलावलं, कारण दहाला मंडळांची माणसं कुंड बघायला येणार होती आणि त्याआधी खालचे बांबूचे सांगाडे वर यायला हवे होते. मास्क नाही, दोर नाही, गॅस मोजायचं यंत्र तर नाहीच. तिवारीकडे माझा कागद होता. "टेस्ट हो चुका है, दादा, सब ठीक है." काका उतरले. लांब दांड्याच्या पंजाने साय ओढली, गाळ हलला. भसकन वास आला. त्यांनी गमछा नाकाला बांधला आणि थांबले. दोन-तीन मिनिटांत वास गेला.

इथे नीट लक्ष द्या. टाक्या साफ करणारी सगळी माणसं एक नियम पाळतात, तो त्यांना बापाकडून आणि जोडीदारांकडून मिळतो. वास येतो तोवर थांबायचं, वास गेला की गॅस गेला. नाल्यात हा नियम पुष्कळदा चालतो, कारण हवा खेळती असते. कुंडात तो जीव घेतो. गॅस वाढला की आधी नाक मरतं. वास जातो तो यामुळे. काका वर बघून म्हणाले, "गेला वास, चलो," आणि कोपऱ्यातल्या खोल भागात शिरले. हा गॅस हवेपेक्षा जड, भिंतींच्या आत साठून बसतो. सकाळी वाराही नव्हता. चौथ्या पावलाला ते पडले.

फिरायला आलेल्या चार जणांनी त्यांना पंजा आणि गमछे लावून पायरीपर्यंत ओढलं. शाबास त्यांची, स्वतः आत उतरले नाहीत, नाहीतर आज पाच नावं लिहायला लागली असती. काका शुद्धीवर आले तेव्हा डोळे लाल, जीभ जड, पाय लटपटत होते, उलट्या होत होत्या. या गॅसने असंच होतं. तिवारीने पाहिलं आणि कागद काढला. दवाखान्यात कोणी रक्त तपासलं नाही, कारण कागदावर कारण आधीच लिहिलेलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी कुंडावर गाळ काढायचं मशीन आलं. सकाळी नव्हतं, संध्याकाळी होतं. हे वाक्य मी नंतर पर्च्यात मोठ्या अक्षरांत छापलं.

घटस्थापनेनंतर चार दिवसांनी मायाकाकू, म्हणजे सुखदेव काकांच्या घरच्या, आमच्या दारात आल्या. आत बसल्या नाहीत. पिशवीतून घडी केलेली कागदाची नक्कल काढली.

"हे तुह्यीच सही होय ना?"

"हो काकू."

"मंग वाच वरचं."

मी वाचलं.

"मोठ्यानं वाच. मले वाचता येत नाही म्हणून नाही म्हनत. तुह्या तोंडून आयकू दे."

मी मोठ्याने वाचलं. मजूर नशे की हालत में. काकू ऐकत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काहून वं बाई, पंचशील घेतलेला मानूस हाय तो. पाचवं शील तुले मालूम हाय का? नशा करनार नाही. लग्नात लोकं पेतात, हा पत्रावळी उचलते. विहारात वंदना कोन म्हनते? हा म्हनते. आता मागं चपलाजवळ बसून राहिला. मी म्हनलं समोर जा, तर म्हनते, 'आधी कागदावरचं निघू दे.'"

मी म्हटलं, "काकू, मी तर फक्त पाण्याचा रिपोर्ट दिला होता."

"मंग तेच लिहून दे ना. फक्त पान्याचा होता म्हनून."

किती सोपं होतं! मला चार दिवसांत सुचलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी दुबेजींपुढे कोरा कागद ठेवला. "सर, एवढंच लिहा, की आमची तपासणी पाण्याची होती, कुंडातल्या हवेची नव्हती, आणि दुपारची होती."

"ये तो सबको पता है."

"मग लिहा ना सर."

"पता होना अलग बात है बेटा, लिखना अलग." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "और टाइम तो तुमने साढ़े ग्यारह डाला है. गये थे डेढ़ बजे. वो भी लिख दूँ?"

मग तो कागद मीच लिहिला, चुकीच्या वेळेसकट. सातही बाटल्यांवर खोटी वेळ टाकली होती हे कबूल केलं आणि सही ठोकली. त्या आठवड्यापासून मी बाटल्या धुते. धुवायला हरकत नाही, कोणीतरी धुवायलाच हव्यात.

पण मला एवढ्याने चैन कुठली! मी पर्चा काढला. लाल शाई, वर "गरीब मजुराचा बळी", खाली सगळी हकिकत, काकांच्या नावासकट. दोन भाषांत. रांझीच्या बसस्टँडवर उभं राहून वाटला. संध्याकाळी काका सायकल हातात धरून आमच्या घरी आले. पर्चा घडी करून खिशात होता.

"बळी कोन? मी?"

"काका, लोकांना कळायला पाहिजे."

"मी जित्ता हाय. आनि गरीब काहून लिहिलं? मी तुह्याकडं काही मांगाले आलो होतो का कधी?"

"तसं नाही..."

"तीस वर्सं काम केलं म्या. माहं काम मले येते. तू त्याच्यात 'असहाय' बी लिहिलं. मले इचारलं नाही, डायरेक्ट छापून टाकलं. तिवारीनंबी नाही इचारलं."

तिवारीच्या बरोबरीला बसवलं होतं मला. मी रडले नाही, रागावले. रात्री जेवताना लक्षात आलं, की जिच्यावर रागवायला हवं ती मीच आहे, काका नाहीत. उरलेले पर्चे मी रद्दीत दिले. ती चूक माझी, आणि ती इथे लिहिते आहे कारण पर्च्यात तिला जागा नव्हती.

सकाळी मी काकांकडे गेले. विचारलं, "काका, काय करू ते तुम्ही सांगा."

ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "म्या तुले आधीच सांगितलं होतं. सकाळी येऊन पाह्य."

दसरा झाला, देवींचं विसर्जन झालं, कुंड पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं आणि पुन्हा दोन आठवडे पडून राहिलं. तसाच गाळ, नवी साय. मी स्वतःच्या खर्चाने पट्ट्या आणल्या. शिशाचा एक क्षार लावलेला पांढरा कागद असतो, ओला करून टांगायचा. हायड्रोजन सल्फाइड लागला की तपकिरी होतो, जास्त लागला की काळा. लांब बांबूला मी तीन पट्ट्या बांधल्या. एक घोट्याच्या उंचीवर, एक कमरेच्या, एक तोंडाच्या. आम्ही दोघं कठड्याबाहेर उभे राहून बांबू आत सोडायचो, दहा मिनिटं मोजायचो. आत कोणी उतरायचं नाही, ही अट काकांनी घातली.

दुपारी, साय शाबूत असताना: तिन्ही पट्ट्या जवळजवळ पांढऱ्या. सकाळी सहाला, साय शाबूत: खालची तपकिरी. आणि हो, साय पांढरी होती. कुंडभर दुधाचा पापुद्रा पसरावा तशी. पाच वर्षं मी या शहराचं पाणी तपासलं आणि ती पांढरी साय मी पहिल्यांदा पाहिली.

मग काकांनी लांब बांबूने साय ओढली आणि गाळ ढवळला. दुसरा बांबू मी धरला होता. दहा मिनिटांनी वर काढला तर खालची पट्टी काळी कुळकुळीत, कमरेची काळी, तोंडाजवळची दाट तपकिरी. कठड्यापाशी मला सडक्या अंड्यांचा वास असा आला, की डोळ्यांत पाणी आलं. मी दहा पावलं मागे सरले. काका उभेच.

"काका, मागे या!"

"वास येऊन राहिला का?"

"फार. तुम्हाला?"

"नाही. तवापासून नाही येत. फोडनीचाबी नाही येत." ते मागे आले. "म्हनून तुले संगं घेतलं ना."

प्रामाणिकपणाने आणखी एक सांगते. दुपारीही गाळ ढवळून पाहिला. तेव्हाही खालची पट्टी काळी झाली, कमरेची तपकिरी. म्हणजे नुसतं "सकाळी गेल्यामुळे झालं" असं म्हणून कोणाला सुटता येणार नाही. साय फाडली आणि गाळ हलवला की कुठल्याही वेळी ते कुंड माणूस पाडतं. सकाळी जास्त लवकर पाडतं. आणि बाटलीतल्या पाण्यावरून यातलं काहीही कळत नाही.

तो शेरा काढावा म्हणून काकांनी केलेल्या अर्जाची चौकशी पावसाळ्याच्या तोंडावर लागली. महापालिकेचे एक साहेब, टेबल, तिवारी, दुबेजींनी पाठवलेला एक कारकून, काका, मायाकाकू आणि मी. मी पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीखाली वेळ, उंची आणि कोणी बांबू धरला त्याचं नाव. आधी मी माझा कबुलीचा कागद वाचला. साहेब चष्म्यावरून बघत राहिले.

तिवारी म्हणाला, "सर, दीदी ने अगरबत्ती पे सेंक लिया होगा."

मी म्हटलं, "भैया, एक कोरी पट्टी देते. अगरबत्ती मागवा, आत्ता शेकू. साहेबांसमोर."

अगरबत्ती कोणी मागवली नाही.

"नशे में नहीं था तो लड़खड़ा क्यों रहा था?" तिवारीने दुसरा प्रश्न काढला.

गॅसने काय होतं ते मी सांगायला लागले, तर काका उठले. ते माझ्याकडे नाही, तिवारीकडे बघत होते. "भैया, आपने मेरा मुँह सूँघा था?"

तिवारी साहेबांकडे बघायला लागला.

"नहीं सूँघा. आप तो ऊपर खड़े थे. जिन्होंने मुझे उठाया, उनसे पूछ लो."

साहेबांनी कागद उलटसुलट केले. माणूस बरा वाटला, पण त्यालाही कागदच हवा होता. "देखिये, ये पट्टियाँ बाद की हैं. इनसे ये साबित होता है कि गैस हो सकती थी. उस दिन ये पिये हुए नहीं थे, इसका गवाह कौन है? वो लोग लिख के दें, तो मैं ये शब्द काट दूँगा." पुढची तारीख त्यांनी दिवाळीनंतरची दिली. बाहेर पडताना मायाकाकू म्हणाल्या, "कापतो म्हनला. कापाले कात्री नाही लागत, चार मानसं लागतात."

त्या चार जणांना मी शोधलं. फार शोधावं लागलं नाही. चौघंही मराठी आहेत, चौघंही आपल्या मंडळांतले आहेत आणि चौघांच्याही घरी हा अंक येतो. प्रत्येकाकडे मी दोन-दोनदा गेले. चहा मिळाला, चिवडा मिळाला. एकाने सांगितलं, "अगं, होता गॅसच, आम्हाला काय कळत नाही?" लिहून द्या म्हटलं तर म्हणाले, "पुढच्या वर्षी मंडपाच्या परवानगीला तिवारीकडेच जावं लागतं ना." दुसऱ्यांनी बायकोला पुढे केलं. तिसरे म्हणाले, "मला आता नक्की आठवत नाही." चौथ्यांनी दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता.

संपादक साहेब, हा परिच्छेद काढू नका. काढलात तर मी पर्चा छापीन. या वेळी काकांना विचारून.

तर तुम्ही चौघं. त्या सकाळी तुम्ही सुखदेव काकांना ओढून बाहेर काढलंत. तुमच्यामुळे ते जिवंत आहेत, हे काका स्वतः सगळ्यांना सांगतात. तुमच्यापैकी एकाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, एकाने तोंड पुसलं होतं. त्या तोंडाला दारूचा वास होता की नव्हता, हे तुम्हांला माहीत आहे. तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. भाऊबीज झाली की सोमवारी सकाळी अकराला मी आणि मायाकाकू त्या साहेबांच्या दाराशी उभ्या असू. चौघंही या. एक ओळ, आपल्या हाताने, आपल्या नावाने: "आम्ही त्यांना उचललं. ते प्यायलेले नव्हते." लिहून द्या.